मैदानभर नाना

परवा यावलच्या रस्त्यावर एसटीच्या खिडकीतून मला नाना दिसले. हरभऱ्याच्या शेतात उभे होते. दोन्ही हात पसरलेले, अंगात कुणाचा तरी चौकडीचा शर्ट, दात काढून हसत होते. पुढच्या वळणावर पुन्हा नाना, केळीच्या बागेच्या कुंपणाला टेकून. खरे नाना माझ्या शेजारच्या सीटवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी बाहेर पाहिलं आणि बसलेल्या घशातून म्हणाले, "हरभरावालानी मन्हापेक्षा बरा शर्ट घालेल शे."

ही बुजगावणी कुठून आली ते सांगते. मला पत्रकं लिहायची सवय आहे. कुठलीही गोष्ट सुरू केली की हात आपोआप "मागण्या" असं लिहून खाली रेघ मारतो. या गोष्टीत रेघ कुठे मारायची ते मला अजून कळलेलं नाही.

जळगावच्या मुलींच्या हॉकी टीमचं मैदान नशिराबादकडे जाताना हायवेच्या कडेला आहे. मुरमाचं. सामन्याआधी टँकर पाणी मारून जातो आणि पहिल्या दहा मिनिटांत ते पाणी वाळून धूळ होते. एका बाजूला पत्र्याची गॅलरी, बाकी सगळीकडे तारेचं कुंपण. कपडे बदलायला खोली नाही. दोन मुली साडी धरून उभ्या राहतात आणि तिसरी साडीमागे बदलते. वाऱ्याने साडी उडते. कुंपणापलीकडे ट्रक थांबलेले असतात आणि ट्रकवाले आंधळे नसतात. एकदा मी स्वतः ती साडी धरली होती. त्याच संध्याकाळी आमच्या संघटनेचं पहिलं पत्रक निघालं आणि त्यानंतर मी प्रत्येक सामन्याला गेटवर पत्रकं वाटत उभी राहायला लागले. हॉकीतलं मला तेव्हा काही कळत नव्हतं. आताही फार कळत नाही.

नाना मला तिथेच भेटले. नशिराबादचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांनी माझं पत्रक घेतलं, उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, "जय भीम, पत्रकवाली" म्हणाले आणि गोलच्या मागे जाऊन जाळीला हात लावून उभे राहिले. ती त्यांची जागा. गॅलरीत ते कधी बसत नसत. त्यांची नात खेळत नव्हती, भाची खेळत नव्हती, कुणीच खेळत नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "बसनी वाट देखी देखी कंटाळा उनता, म्हणून आत उनू. मंग बस सुटी गयी."

ते गोलकीपर पोरीशी बोलायचे. पोरगी शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. जळगावात होस्टेलला राहायची. बोलायची इतकी कमी, की मेसवाली तिला मुकी समजून हातवारे करायची. आता गोलकीपरला म्हणे ओरडावं लागतं. पुढच्या खेळाडूंची पाठ तिच्याकडे असते, सगळं मैदान फक्त तिला दिसतं, म्हणून तिनेच सांगायचं, तू इकडे सरक, तू तिला धर. ही ओरडायची नाही. तिच्या वतीने नाना ओरडायचे. चेंडू लांब असला की हळू, "देख... देख... देख..." आणि चेंडू गोलपुढच्या वर्तुळात आला की एसटीच्या हॉर्नसारखं, "आते!", म्हणजे आत्ता. त्या "आते"वर पोरगी उडी घ्यायची आणि पुढच्या पोरीही त्याच आवाजावर वळायच्या. टीमला त्याची सवय झाली होती. पंचांनासुद्धा.

त्या सामन्यात पोरीचं सगळं पणाला लागलं होतं. धुळ्याची टीम येणार होती आणि निवड समितीच्या एक बाई राज्याच्या शिबिरासाठी मुली बघायला येणार होत्या. शिबिरात गेली तर राहणं, खाणं, शिकणं सगळं पुढे चालू. नाही गेली तर पुढच्या आठवड्यात बाप तिला न्यायला येणार होता. घरचे सगळे कापूस वेचायला गुजरातेत गेलेले, हिच्यासाठी तिथल्या पालात जागा धरून ठेवलेली. तिने मला हे एका वाक्यात सांगितलं होतं, "नाही झालं तर मी कापसाला." एवढंच.

आणि नेमक्या त्याच सामन्याला टीमच्या व्यवस्थापकाला प्रेक्षकांचा सन्मान करायचं सुचलं.

हा माणूस पुण्याहून मार्केटिंग शिकून आला होता. टीमला पैसा पुरवायचे मसालेवाले शेठ. त्यांना गॅलरी भरलेली हवी होती. तर याने काय करावं? सगळ्यात निष्ठावान प्रेक्षक म्हणून नानांना निवडलं आणि नानांच्या चेहऱ्याचे पुठ्ठ्याचे मुखवटे छापून घेतले. गेटवर येणाऱ्या प्रत्येकाला एक. मागे रबर, कपाळावर मसाल्याची जाहिरात.

मी त्याला गेटवरच गाठलं. "मुलींना कपडे बदलायला खोली नाही आणि तुम्ही तोंडं छापताय?"

"ताई, हे ट्रिब्यूट आहे. इमोशनल कनेक्ट."

"पत्र्याच्या चार भिंती उभ्या करा, तिथे कनेक्ट करा."

"तुम्ही पण एक घ्या ना," असं म्हणून त्याने माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर मुखवटा ठेवला.

मी तो उलटा करून पाहिला. चेहरा नानांचाच होता, पण नाना असे कधी हसत नाहीत. फोटो त्यांच्या एसटीच्या पासवरचा. त्यात ते कुणाच्या तरी मयताला निघाल्यासारखे बघत होते, म्हणून फ्लेक्सच्या दुकानातल्याने संगणकावर ओठ ताणून हसवले होते. नानांचे पुढचे दात पडलेत. तिथे दुसऱ्या कुणाचे तरी पांढरेशुभ्र दात बसवले होते. आणि डोळ्यांच्या जागी दोन भोकं.

नानांनी स्वतःचा मुखवटा हातात घेऊन बराच वेळ त्या भोकांतून आपली बोटं बघितली. "डोया कुठे टाक्यात रे मन्हा?" त्यांनी विचारलं. व्यवस्थापक हसला. नाना हसले नाहीत.

मंचावर नानांचं हेच तोंड माणसाच्या दुप्पट उंचीचं उभं केलं होतं. त्याच्यापुढे नारळ, उदबत्ती, हार. नाना म्हणाले, "हार काढी टाक. मी जित्ता शे अजून." हार काढला, उदबत्ती राहिली. सत्कार सामना संपताना होता, पण सत्कारमूर्तीने मंचावरच बसायचं असं ठरलेलं. नानांनी गोलकडे बोट दाखवलं, मन्हं काम तिथे शे म्हणाले. व्यवस्थापकाने त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. "आज आराम करा आबा. आज बाकीचे ओरडतील."

बाकीचे ओरडणार होते, पण ओरडले नाहीत.

सामना सुरू व्हायच्या आधी माइकवरून घोषणा झाली, "आता सगळ्यांनी एकसाथ नाना व्हायचं!" आणि गॅलरीतल्या लोकांनी एकदम मुखवटे चढवले. त्या क्षणी मैदानातला आवाज कापल्यासारखा बंद झाला. ते मी कधी विसरणार नाही. शेंगावाला हाक मारता मारता थांबला. पुठ्ठ्याला तोंडाचं भोकच नव्हतं. बोललं की स्वतःचा श्वास स्वतःच्याच तोंडावर यायचा. चेंडू डावीकडे गेला की सगळे नाना डावीकडे वळायचे, उजवीकडे गेला की उजवीकडे. पोट सुटलेले नाना, कडेवर लेकरू घेतलेले नाना, नऊवारीतले नाना. लेकराच्या तोंडावरही नानाच.

थोड्या वेळाने ते रडायला लागले.

मुखवटे आठवडाभर शेठच्या गोदामात पडून होते, तिखटाच्या पोत्यांवर. तोंड गरम झालं, घाम आला, पुठ्ठा ओला झाला आणि आतली मिरची जागी झाली. लोकांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते भोकांतून बाहेर येऊन छापलेल्या गालांवरून खाली उतरायचं. ओठ मात्र तसेच ताणलेले, पांढऱ्या दातांचे. खोकल्याची एक उबळ एका टोकाला सुटायची आणि पसरत दुसऱ्या टोकापर्यंत जायची. कुणी मुखवटा काढावा तर व्यवस्थापक माइकवरून ओरडायचा, "ठेवा ठेवा, ड्रोन येतोय!" आणि लोक ठेवायचे. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. डोळ्यांत तिखट जातंय, तरी सांगितलं म्हणून ठेवायचं.

मंचावरून नाना हे सगळं बघत होते. मी खाली कठड्याशी होते. त्यांनी सगळ्या मुखवट्यांवरून हात फिरवत मला विचारलं, अगदी हळू, "ह्या बठ्ठा मीच शे का?"

पोरीने पहिला गोल खाल्ला तो तेव्हाच. साधा चेंडू होता. ती जाळीमागे वळून बघत होती, नाना असतात त्या जागी. तिथे रांगेने नाना उभे होते, रडत होते, आणि एकही काही बोलत नव्हता. निवड समितीच्या बाईंनी मान खाली घालून काहीतरी टिपून घेतलं. बघायला आलेल्यांत मुखवटा न घातलेल्या त्या एकट्याच. मी धरून दोघी.

मध्यंतरात मी नानांना म्हटलं, "चला खाली."

"हाऊ भाऊ सोडत नही ना मले."

"मुखवटा घाला. कोण ओळखतंय?"

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होते, ही पत्रकवाली दिसते तेवढी साधी नाही. मग स्वतःचं तोंड स्वतःच्या तोंडावर चढवलं आणि पाच पायऱ्या उतरून गर्दीत शिरले. एका क्षणात दिसेनासे झाले. मी त्यांच्याच मागे होते, तरी मलाही सांगता येईना की यातले ते कुठले. पांढऱ्या सदऱ्यावरून अंदाज बांधत मी गोलमागे पोचले. तिकडे मंचावर खुर्ची रिकामी दिसली आणि गोंधळ उडाला. व्यवस्थापक गॅलरीत धावत सुटला. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून विचारत होता, "नाना? तुम्ही नाना का?" आणि समोरचे नाना खोकून नाही म्हणून मान हलवत होते. मी हसले असते, पण हवेतली मिरची माझ्याही तोंडात गेली होती.

खेळ पुन्हा सुरू झाला. धुळ्याच्या पोरी चेंडू घेऊन सुटल्या. माझ्या शेजारून, पुठ्ठ्याच्या आतून, घुमल्यासारखा आवाज आला. "देख... देख..."

पोरीची पाठ ताठ झाली. आता ती सावरेल असं मला वाटलं. "आते!" नाना ओरडले. ती हललीच नाही. खांबासारखी उभी. चेंडू तिच्या पायाजवळून आत गेला.

मी जाळीला धरून वाकले आणि दात ओठ खाऊन विचारलं, "काय झालं तुला? नाना आहेत ना ते!"

तिने वळून पाहिलं नाही. "ते सोंग आहे, ताई. सोंगानं हाक मारली तर मी ओ देणार नाही."

मग, चेंडू मध्यरेषेकडे नेईपर्यंत, ती माझ्याशी कधी बोलली नव्हती एवढं बोलली. त्यांच्याकडे होळीला माणसं बुध्या बनतात. अंगाला राख, डोक्यावर मोठा टोप. एकदा तो टोप चढला की तो आपला काका असला तरी काका राहत नाही. तो हाक मारतो, चिडवतो, नावाने बोलावतो, पण घरातल्यांनी ओ द्यायची नाही. आईने लहानपणीच सांगितलेलं. सोंग उतरलं, आंघोळ झाली, की मग काका.

"अगं, तुझ्याही तोंडावर जाळी आहे," मी म्हटलं.

"हे तोंड नाही," ती हेल्मेटवर टिचकी मारून म्हणाली. "हे भांडं आहे."

नानांनी हे ऐकलं होतं. ते एसटी चालवत शिरपूरच्या वरच्या गावांना वर्षानुवर्षं गेलेले. त्यांनी मुखवटा काढला, जवळच्या टँकरच्या नळाखाली तोंड धुतलं, डोळे धुतले, गळा खाकरला आणि ओल्या तोंडाने परत जाळीला हात लावला. त्यात त्यांनी काय पणाला लावलं ते मला कळत होतं. अख्ख्या मैदानात आता नानांचा खरा चेहरा एकच होता आणि तो लांबूनही ओळखू येत होता.

"वं माय," ते म्हणाले. "मीच शे."

तिने एकदा वळून पाहिलं. दात नसलेलं तोंड पाहिलं आणि मान हलवली.

पुढचे तीन हल्ले तिने अडवले. "देख... देख... आते!" आणि पोरगी जमिनीला समांतर. आमच्या पोरींनीही एक गोल फेडला. निवड समितीच्या बाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. पण नानांचा आवाज दर हाकेला फाटत चालला होता. मुखवट्यातलं तिखट घशात उतरलं होतं. आणि व्यवस्थापकाला ते सापडले. दोन स्वयंसेवक घेऊन आला, "आबा, शेठ थांबलेत!" मी आडवी झाले. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पत्रकातही छापता आलं नसतं. त्यांनी मला बाजूला सारलं आणि नानांना दोन्ही दंडांना धरून घेऊन गेले. नाना जाता जाता मागे वळून बोलायचा प्रयत्न करत होते. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता.

शेवटची मिनिटं होती. धुळ्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला. त्यात गोलकीपर आणि मोजक्या पोरी गोलरेषेवर उभ्या राहतात आणि समोरून सगळी टीम चालून येते. मंचावर शेठ नानांच्या खांद्यावर शाल घालत होते. व्यवस्थापकाने माइक नानांच्या तोंडापुढे धरला होता, दोन शब्द बोला म्हणून. नाना तोंड उघडून उभे होते. स्पीकरमधून फक्त श्वास येत होता. साऱ्या मैदानावर तो एक म्हातारा श्वास.

आणि तेव्हा गोलमधून आवाज आला.

"देख... देख... देख..."

मी गोलच्या मागेच उभी होते. माझ्या डाव्या-उजव्या हाताला रडणारे नाना उभे होते आणि त्यांतला एकही बोलत नव्हता. आवाज नानांचा होता. तोच बसका, तोच शेवटी ओढलेला. तो त्या हेल्मेटच्या आतून, त्या भांड्यातून येत होता. माझ्या शेजारच्या बाईने मुखवटा वर केला, माझ्याकडे पाहिलं, मग मंचाकडे पाहिलं. गॅलरीतली सगळी तोंडं एकाच वेळी मंचाकडे वळली आणि मग गोलकडे. मंचावर नानांचं तोंड आता मिटलेलं होतं.

"आते!"

ओळीतल्या पोरी बाणासारख्या सुटल्या. फटका आला, तिने पाय आडवा टाकला, चेंडू तिच्या पॅडला लागून बाहेर गेला. शिट्टी झाली.

सामना आम्ही हरलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक मुखवटे काढून त्यांची आतली बाजू बघत बसले होते.

निवड समितीच्या बाई मैदानात आल्या. त्या स्वतः कधीकाळी गोलकीपर होत्या, हे आम्हाला मागाहून कळलं. त्यांनी पोरीला विचारलं, "दुसऱ्या गोलला उभी का राहिलीस?"

"सोंगानं हाक मारली."

बाईंना त्यातलं किती कळलं देव जाणे. त्या म्हणाल्या, "आणि शेवटी कोण ओरडलं?"

पोरीने हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटलेले. "मी," ती म्हणाली, पण विचारल्यासारखं.

"तिकडे तुझ्यामागे कुणी उभं राहणार नाही."

"हां."

"मग ओरडशील?"

"हां."

पुढच्या आठवड्यात बाप गुजरातेतून आला तो तिला शिबिराच्या गाडीत बसवून द्यायला. नाना आणि मी जळगावच्या स्टँडवर गेलो होतो. नाना खिडकीखाली उभे राहिले आणि हाताने गियर बदलल्यासारखं केलं. ती हसली.

त्या दिवसापासून नानांचा घसा बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणतात, तिखटाने सूज आलीय, उतरेल. अजून उतरलेली नाही. जवळ बसलं तर बोलणं ऐकू येतं, हाक मारता येत नाही. मी त्यावर पत्रक काढलं, नाव न घेता व्यवस्थापकाचं पद घालून. खोलीची मागणी पुन्हा घातली. खोली झाली नाही. मुखवटे मात्र गावोगाव गेले. रिक्षांच्या मागे, पोरांच्या खेळात, आणि शेतकऱ्यांना कळलं की या तोंडांना पाखरं घाबरतात.

यावलच्या बसमध्ये त्या दिवशी पोरीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला, नानांनी कान जवळ आणला.

"ओरडतेस का गं?" मी विचारलं.

"ओरडते. सगळ्या ऐकतात." मग म्हणाली, "पण ताई, आवाज माझा येत नाही अजून."

खिडकीबाहेर आणखी एक नाना हात पसरून गेले. खऱ्या नानांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि तोंडाजवळ धरून, जेवढा निघेल तेवढ्या आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुन्हाकडे. गाडी दुसरा डायवरले दिधी म्हणजे हॉर्न काढी लेतस का?"

पलीकडे ती हसली. मग तिला कुणी तरी मैदानातून बोलावलं असावं. फोन चालूच राहिला आणि त्यातून लांबून ऐकू आलं, "देख... देख... देख..."

पुढच्या सीटवरचा माणूस वळून नानांकडे बघायला लागला. नानांचं तोंड शेंगांनी भरलेलं होतं.